मदत हवी आहे: सातमाशी लेकरू उभं धरलं की पाय ताठ करतंय

नमस्कार. आम्ही जिंतूर तालुक्यातले. मुलगी 31व्या आठवड्यात झाली, वजन 1350 ग्रॅम. 26 दिवस पेटीत होती. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली, ठीक निघाली. कानाची राहिली. सुट्टीच्या कागदावर नुसतं 'फॉलोअप' लिहिलेलं. कशाचा, ते कुणी सांगितलं नाही अन् आम्हीही विचारलं नाही.

परवा आठ महिने पूर्ण झाले. नऊ आठवडे आधी आली, ते वजा केलं तर सहाच महिन्यांची धरायची, हे माहीत आहे. म्हणून बसत नाही याचा घोर नाही. जाऊबाईंचा मुलगा पंधरा दिवसांनी लहान असून बसतो, त्यावरून घरात रोज चालतं, ते सोडा.

घोर वेगळाच. बगलेत धरून उभं केलं की पाय काठीसारखे, टाचा टेकतच नाहीत, कधी पायावर पाय कात्रीसारखा चढतो. आत्याबाई म्हणतात, "पायात जोर हाय पोरीच्या, लवकर चालंल." मलाही आधी बरंच वाटायचं. पण लंगोट बदलताना मांड्या सैल सुटत नाहीत. काल चमचा समोर धरला, डावा हात लगेच आला. उजव्या बाजूला नेला तरी डावाच आडवा येऊन घेतो. उजव्याची मूठ अंगठा आत घालून मिटलेली. हसते, आवाजाकडं मान वळवते.

इथले डॉक्टर म्हणाले, वर्षाची होऊ द्या, अशी लेकरं उशिराच करतात. थांबावं का? घरचे वॉकर आणायचं म्हणताहेत.

प्रतिसाद: ताई, थांबू नका. बसायला उशीर झाला तर नऊ आठवड्यांचा हिशोब चालतो, ताठ पायांना तो लागू नाही. वर्षाच्या आत लेकरू एकच हात वापरत असेल तर दुसरा तपासायलाच हवा. नेमकं काय ते बघितल्याशिवाय कुणी सांगू नये, मीही नाही. आमचं 30 आठवड्यांचं होतं, फिजिओथेरपी चालू केली, कपडे बदलताना करायचे व्यायाम शिकवले. आशाताईंना आरबीएसकेबद्दल (लेकरांच्या तपासणीची सरकारी योजना) विचारा, त्यातून जिल्ह्याच्या डीईआयसीत, म्हणजे लेकरांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासून उपचार करणाऱ्या केंद्रात पाठवतात, पैसे लागत नाहीत. कानाची बेरा तपासणीही (ऐकू येतं का ते बघणारी) तिथंच विचारा. मुठीचा व्हिडिओ काढून न्या, आमचं तर नंबर येईपर्यंत झोपून गेलं होतं. वॉकर अजिबात नको, चवड्यावर उभं राहायची सवय वाढते.

धागाकर्ती: वॉकर नको म्हटलं तर आत्याबाई रुसल्यात. सोमवारी निघतोय. पेटीत असताना डोक्याची सोनोग्राफी झाली होती, तो कागद सापडेना. दवाखान्यातून परत मागितला तर देतात का?