पाठ्यपुस्तक नुसतं मोफत नको, खुलं हवं

शाईपेन:
सत्र निम्मं सरलं तरी काही मुलांकडे पुस्तकच नसतं. कुणी ग्रंथालयातल्या एकुलत्या प्रतीवर डोळा ठेवून असतं, कुणी जुनी आवृत्ती वापरतं आणि मग वर्गात सांगितलेला गणिताचा क्रमांकच जुळत नाही. पायाभूत विषयांना तरी खुल्या परवान्याची, म्हणजे लेखकानेच सगळ्यांना मोफत वापरायची आणि वाटायची मुभा दिलेली पुस्तकं लावावीत, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचा ओपनस्टॅक्स प्रकल्प २०१२ पासून अशी पुस्तकं काढतो. पहिल्या तासाला सगळ्यांकडे तेच पुस्तक, आणि परीक्षेनंतरही ते आपलंच.

चौकस:
असहमत. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाने आपलं अभ्याससाहित्य खुलं करायची घोषणा २००१ मध्येच केली. तरी मुलं अडतात, कारण अडल्यावर विचारायला माणूस लागतो. शिवाय प्रकाशक तपासनिसांना, चित्रकारांना पैसे मोजतो. ते काम फुकटात कोण करणार?

शाईपेन:
माणूस लागतोच, पण पुस्तकही लागतं ना! अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठातला २०१८ चा अभ्यास पाहा. २१ हजारांहून जास्त विद्यार्थी होते. खुली पुस्तकं लावल्यावर गुण वाढले, नापास होणारे आणि विषय सोडणारे घटले. सरकारी आर्थिक मदत घेणाऱ्या मुलांना तर इतरांपेक्षा जास्त फायदा झाला.

चौकस:
एका विद्यापीठावरून सगळीकडचं कसं ठरवायचं?

खडूफळा:
मी शिकवते, म्हणून परवान्याबद्दल लिहिते. किंमत शून्य असलेली पीडीएफ मला बदलता येईलच असं नाही. सीसी बाय (क्रिएटिव्ह कॉमन्सचा, फक्त श्रेयाची अट असलेला) परवाना असेल तर मूळ लेखकाला श्रेय देऊन आणि काय बदललं ते सांगून मी धडा कापू शकते, भाषांतर करू शकते, माझी उदाहरणं घालू शकते. संख्याशास्त्राच्या एका प्रकरणात मी आमच्याच प्रयोगशाळेतली मोजमापं घातली. आलेख आपल्याच आकड्यांचा आहे म्हटल्यावर एरवी गप्प बसणारी मुलंही शंका विचारू लागली. मात्र परवान्यात 'नो डेरिव्हेटिव्ह्ज' (बदल करून वाटू नका) ही अट असेल तर बदललेलं प्रकरण वाटता येत नाही, हे आधी बघा.
चौकस यांचा पैशाचा मुद्दा मात्र खरा आहे. ते प्रकरण मी सुट्टीत बसून केलं, आणि बढतीच्या वेळी असलं काम कुणी धरत नाही.

चौकस:
मग तेच आधी करा. लिहिणाऱ्याला मानधन आणि तासांत सवलत द्या, दर दोन वर्षांनी तपासणी ठेवा. आणि मोबाइलवर समीकरणं वाचून डोळे फुटतात, तेव्हा छापील प्रतीही ठेवा.

खडूफळा:
छापायला बहुतेक खुले परवाने आड येत नाहीत. मानधनाचा ठराव विभागाच्या बैठकीत मांडते.