मदत हवी आहे : कानाचं मॉडेल चालत नाही, सोमवारी पाठ

वर्गात_एकटी
कानाचं मॉडेल केलंय, खरं चालत नाही. सोमवारी सीआरपी, म्हणजे आमच्या शाळांच्या गटाचे मार्गदर्शक सर, पाठ बघायला येणार. फुगा घट्ट ताणलाय, काड्या नीट चिकटवल्यात, पाणी काठोकाठ भरलंय, तरी पुढं काही हलत नाही. एका पोरानं विचारलं, "टीचर, मग आपल्याला ऐकू कसं येतंय?" लवकर सांगा.

सुमती_शहापूर
कितवीचा वर्ग? आणि कानात पाणी कुठून आलं?

तात्या निपाणी
पाणी गेलं असेल तर मान तिरकी करून एका पायावर उड्या मारायच्या. मळ असेल तर रात्री कोमट तेलाचे दोन थेंब. आमच्या आईनं आयुष्यभर हेच केलं.

सुमती_शहापूर
तात्या, त्या मॉडेलचं विचारायल्यात! आणि पडद्याला भोक असेल तर तेल अंगाशी येतं. लोकांना असलं सांगू नका.

वर्गात_एकटी
आठवी, मराठी माध्यम, ३४ पोरं. पाणी म्हणजे आतल्या कानातला द्रव हो. शंखासारखा भाग असतो तो.

पेठेतला_पुणेकर
एवढा खटाटोप कशाला? यूट्यूबवर ॲनिमेशन दाखवा, पाच मिनिटांत विषय संपतो.

वर्गात_एकटी
प्रोजेक्टर बंद आहे. रेंजसाठी शाळेमागच्या टेकावर जावं लागतं, आणि सध्या खानापूरचा पाऊस.

टेलिफोनवाले काका
ॲनिमेशन लावलं की पोरं गप्प बसतात, शिकत नाहीत. मी ३१ वर्षं टेलिफोन खात्यात काढली. शंखात लाट कशी धावते हे दाखवणारा बेकेशी हंगेरीच्या टपाल खात्याच्या प्रयोगशाळेत टेलिफोनवरच काम करायचा. म्हणजे आमच्यातलाच! १९६१ चं नोबेल मिळालं. शिट्टीची लाट शंखाच्या तोंडाशीच जोर धरते, ढोलाची पार आतल्या टोकाकडं जाते. हे सांगा.

पेठेतला_पुणेकर
छान. पण बाईंचं मॉडेल?

टेलिफोनवाले काका
त्यांनी सांगितलंय कुठं काय जोडलंय ते? बाई, पाणी कशात भरलंय?

वर्गात_एकटी
दीड इंची पीव्हीसी पाइप. एका टोकाला फुग्याचं रबर, त्यावर काडी टेकवलीय. दुसऱ्या टोकाला एंड कॅप, सोल्युशन लावून पक्की. थेंब गळत नाही.

मलप्रभाकाठ
गळत नाही हेच दुखणं आहे. पाणी काही दाबलं जात नाही, सरकायला जागा लागते. आतल्या कानाला खिडक्या दोन. लंबगोल खिडकीवर पडद्यामागच्या तीन इवल्या हाडांतलं शेवटचं, रिकिबीचं हाड टेकतं, ते आत गेलं की गोल खिडकीचा पातळ पडदा बाहेर फुगतो. तुमची दुसरी खिडकी तुम्हीच बुजवलीय! कॅप कापा, तिथंही रबर बांधा. काडी बोटानं ढकला, ओरडून काही दिसणार नाही.

पोरं तीन हाडं कशाला म्हणून विचारणारच. नदीत बुडी मारलेल्याला काठावरची हाक ऐकू येत नाही, हवेतला आवाज पाण्यावर आपटून बहुतेक सगळा माघारी फिरतो. म्हणून कानाच्या पडद्यावरचा जोर सुमारे १७ पट लहान खिडकीवर गोळा होतो, वर हाडांच्या तरफेची थोडी भर. ड्रॉइंग पिन दाखवा : अंगठा रुंद डोक्यावर, टोक भिंतीत.

सुमती_शहापूर
जुलैत पोरांना मलप्रभेत बुडी मारायला लावू नका म्हणजे झालं.

मलप्रभाकाठ
लावा कुठं म्हटलंय, सांगा म्हटलंय.

तात्या निपाणी
कानाच्या पडद्याला पुस्तकात कर्णपटल म्हणतात, असले शब्द पोरांना कळतात का? कन्नड शाळेत किवी तमटे म्हणतात, बघा किती सोपं. हलगीच म्हणा सरळ.

सुमती_शहापूर
हे मात्र पटलं. आणि शंखातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी राहिल्या की. एका कानात साधारण १५ हजार, वाऱ्यानं भात लवतं तशा त्यांच्या केसांच्या तुऱ्या लवतात. खरं भात परत लावता येतं, या गेल्या की गेल्या. मिरवणुकीतल्या डॉल्बीपुढं नाचणाऱ्यांना हे कोण सांगणार?

पेठेतला_पुणेकर
डॉल्बीवर वेगळा धागा काढा.

तात्या निपाणी
मागच्या गणपतीपासून माझ्या उजव्या कानात शिट्टी वाजतीया. ती शंखाच्या कुठल्या भागात म्हणायची?

वर्गात_एकटी
फुगलं!! करवतीनं कॅप कापली, पाइप चार बोटं आखूड झाला, टेबल भिजलं, खरं इकडनं ढकललं की तिकडचं रबर बाहेर येतंय. रिकिबीची काडी मात्र तुटली. आइस्क्रीमची काडी चालेल का?

तात्या, तेल न घालता कानाच्या डॉक्टरकडं जा.