चित्राशेजारी किंमत लावायची, की टेबलावर यादी ठेवायची?

रंगपेटी (टिळकवाडी, बेळगाव)
आमचं पाच-सहा जणांचं प्रदर्शन ठरलंय आणि जुंपलीय ती चित्रांवरून नाही, किमतीच्या पट्ट्यांवरून. माझं मत आधीच सांगून टाकते. प्रत्येक चित्राशेजारी छापील पट्टी, आणि पट्टीवर किंमत. आपल्याकडं गॅलरीत येणारा माणूस चपला बाहेर काढायच्या का, इथपासूनच बावचळलेला असतो. केवढ्याला म्हणून विचारलं आणि आवाक्याबाहेरचा आकडा आला, तर परत फिरताना कसंनुसं होतं. म्हणून तो विचारतच नाही. पट्टीवर नाव, माध्यम, आकार (उंची आधी, मग रुंदी), साल, किंमत. बस्स. ३०० जीएसएमच्या जाड कार्डावर छापून ३ मिमीच्या सनबोर्डवर (हलक्या फोमच्या पुठ्ठ्यावर) चिकटवायची, सगळीकडं उजव्या खालच्या कोपऱ्याशी, सारख्याच अंतरावर. फ्रेमवर किंवा काचेवर काही डकवायचं नाही.

जुना कॅम्पकर
ताई, मला हे पटत नाही. माणूस चित्राआधी आकडा बघतो. १८,००० वाचलं की त्याचं बघणं संपलं, पुढं तो डोक्यात हप्ते पाडत उभा राहतो. नुसते नंबर लावा, दारातल्या टेबलावर यादी ठेवा. मुंबईच्या बऱ्याच गॅलऱ्यांत हीच रीत आहे. ज्याला खरंच घ्यायचंय तो चार पावलं चालत येतो, आणि विचारायला आला की बोलणं सुरू होतं. ते काम तुमची पट्टी करणार आहे का?

रंगपेटी
सर, ते बोलणं कुठलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ‘शेवटचं किती?’ किंमत छापलेली दिसली की घासाघीस निम्मी होते. यादी टेबलावर असली की लोकांना वाटतं, तोंड बघून दर सांगतात. आणि ती यादी संध्याकाळी चहाच्या कपाखाली सापडते.

खानापूरची माती
तुमचं भिंतीवरचं झालं, आमच्या भांड्यांचं काय? आमच्याकडं खादी ग्रामोद्योगाचं पॉटरीचं केंद्र आहे. तिथं शिकलेली पोरं भट्टी किती तापली ते चोख सांगतील, पण किंमत लावायची म्हटलं की पांढरा स्टिकर थेट बुडाला. गिऱ्हाईक किंमत बघायला बरणी उलटी करतं आणि झाकण जातं फरशीवर. शिवाय ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, नसलेल्या भाजक्या मातीत स्टिकरचा गोंद मुरतो, डाग निघता निघत नाही. आम्ही आता जाड खाकी कागदाचं टॅग सुतळीनं कानाला बांधतो. कान नसेल तर समोर घडी घालून उभं केलेलं कार्ड. किंमत बघायला भांड्याला हात लावावा लागता कामा नये, एवढाच नियम. आणि कॅम्पकर सर, एकसारखे पन्नास पेले मांडल्यावर नंबर कुठल्याला लावू?

निपाणीचं अक्षर
किंमत लावा की, पण छापील कशाला? चित्र हातानं काढलेलं आणि शेजारी मॉलमधल्या शर्टाची पट्टी. कट निबनं, काळ्या शाईनं लिहा. आपल्याकडं एवढी वळणदार अक्षरं असणारी माणसं आहेत, ती काय फक्त लग्नपत्रिकांच्या पाकिटांसाठी?

डीटीपीवाला (खडेबाजार)
माझा धंदा आहे म्हणून छापायला सांगतोय असं समजा हवं तर. पण चाळिसाव्या पट्टीपर्यंत हात हलतो, आणि आदल्या रात्री किमती बदलतात. बदलतातच. मग पांढरी शाई लावून खाडाखोड.

भाषेचा विषय अजून कुणी काढला नाही, आपण बेळगावचेच ना? नाव मराठी आणि कन्नड दोन्हीत घ्या, किंमत इंग्रजी आकड्यांत. देवनागरी अंकांशी कन्नड शाळेत शिकलेला अडखळतो, कन्नड अंकांशी आपण. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘अनेक’ हा फॉन्ट मोफत आहे, त्यात दोन्ही लिप्या एकाच घडणीच्या मिळतात, त्यामुळं एक ओळ ठळक आणि दुसरी किडमिडी असं होत नाही. नाव १८ पॉइंट, बाकी १४. नुडी या कन्नड सॉफ्टवेअरमधला मजकूर आणि श्रीलिपी या सॉफ्टवेअरमधला मराठी मजकूर एका फाइलीत कोंबून आणू नका. युनिकोडमध्ये टाइप करा, पीडीएफ द्या. नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि शिव्या आम्ही खातो.

शहापूरकर
दोन भाषा, माध्यम, आकार, किंमत. पट्टीच चित्राएवढी होणार. सरळ इंग्रजीत करा, कुणाचाच वाद नको. आणि डिस्टेंपरच्या भिंतीवर डबल टेप लावू नका. पावसाळी हवेत दुपारपर्यंत सुटतो आणि पट्टीमागं भिंतीचा पापुद्रा घेऊन येतो.

रंगपेटी
टेपचं मान्य. इंग्रजीचं नाही. वाद नको म्हणून दोन्हीकडच्या लोकांना परकी भाषा लावायची? बघायला हुक्केरीहून, गोकाकहूनही लोक येणार आहेत. ‘एष्टु री?’ (केवढ्याला हो?) असं कन्नडमध्ये विचारणाऱ्याला पट्टी वाचून दाखवायला माणूस नेमू का?

जुना कॅम्पकर
भाषा दोन्ही ठेवा, माझी ना नाही. पण एक सांगा. तुमच्यात कॉलेजातली पोरंही आहेत. पोराचं जलरंगातलं चित्र २,५०० ला, शेजारी माझं तैलचित्र ३०,००० ला. लोक चित्रांची तुलना करणार की आकड्यांची? त्या पोराच्या चित्रातलं पाणी माझ्याहून बरं असू शकतं. पण अडीच हजार वाचल्यावर ते कुणाला दिसणार नाही.

रंगपेटी
हा मुद्दा मात्र बिनतोड आहे. मग शेजारी शेजारी टांगायला नको, एकेकाची भिंत वेगळी करू. किंमत लपवायची नाही. विकलं की पट्टीच्या कोपऱ्यात लाल टिकली, कुणी राखून ठेवायला सांगितलं असेल तर अर्धी. गणपत गल्लीत पाकीट मिळतं.

शहापूरकर
किमतीत जीएसटी धरायचा का?

डीटीपीवाला
चित्रांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे, आधी १२ होता. नोंदणी असेल तर ‘करासहित’ असं छापा. नसेल तर कर घेताच येत नाही, नुसती किंमत लिहा.

जुना कॅम्पकर
छापा तुम्ही. माझ्या भिंतीवर नंबरच लागतील. यादी यावेळी दोऱ्यानं टेबलाला बांधतो.

रंगपेटी
बांधा. ‘यांची किंमत कुठं लिहिलीय?’ म्हणून जो विचारेल त्याला मी तुमच्याकडं धाडणार.

जुना कॅम्पकर
मला तेच तर हवंय.