प्रतिसाद: लझान्याच्या पट्ट्या न उकडता
लझान्याच्या (थर लावून भाजायच्या इटालियन पास्त्याच्या) नेहमीच्या सुक्या पट्ट्या न उकडता लावल्या तर कच्च्याच राहतात, हे वरच्या एका प्रतिसादात आलंय ते पटलं नाही. पट्टी शिजायला पाणी आणि उष्णता लागते. पाणी सॉसमधलं असलं तरी चालतं. फक्त सॉस पातळ हवा. मी बाटलीतल्या पास्ता सॉसमध्ये कपभर पाणी सरळ ओतते (पांचट होत नाही, पट्ट्या पिऊन टाकतात). वरच्या पट्टीचे कोपरेही सॉसखाली बुडवा, उघडे राहिले की पापडासारखे कडक होतात.

खरी मेख फॉइलची, तिचा उल्लेख कुणीच केला नाही. ट्रे फॉइलने गच्च झाकून ओव्हनमध्ये १९० अंश सेल्सिअसला पाऊण तास, म्हणजे वाफ आतच कोंडते. मग फॉइल काढून चीज तांबूस होईस्तोवर ठेवायचं. बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं सुरी लावू नका, उरलेलं पाणी तेवढ्यात मुरतं.