पहिलीच्या पुस्तकात लेकराची घरची भाषा असावी का? कोमेनियसचं पुस्तक आणि आपला मेळघाट

धारणीची शिक्षिका

मी मेळघाटात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरी शिकवते. वर्गातली बहुतेक लेकरं घरी कोरकू बोलतात. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. त्यामुळे जुलैत पुस्तक उघडलं की अक्षर अनोळखी, शब्द अनोळखी आणि पुष्कळदा चित्रही अनोळखी. माझं स्पष्ट म्हणणं आहे की इथल्या पहिलीच्या पुस्तकात कोरकू आणि मराठी एकाच पानावर शेजारी-शेजारी छापावी, आणि वरचं चित्र इथलं असावं.

ही कल्पना साडेतीनशे वर्षांहून जुनी आहे. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या मोराव्हियात १५९२ साली जन्मलेल्या कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाचं ‘ऑर्बिस पिक्टस’ हे लेकरांसाठीचं चित्रांचं पुस्तक १६५८ मध्ये न्यूरेंबर्गला छापलं गेलं. लाकडी ठशांची दीडशे चित्रं, आणि मजकूर लॅटिन व जर्मन असा जोडीनं. चित्रातल्या वस्तूला आकडा, तोच आकडा मजकुरातल्या शब्दाला. दळण, पाव भाजणं, मधमाश्या, शिंप्याचं काम, सगळं त्यात आहे. अक्षरओळख कावळ्यापासून होते: कावळ्याचं चित्र, त्याचा ‘आ आ’ आवाज, पुढे अक्षर. लेकरू आवाज काढतं आणि अक्षर धरतं.

या माणसाची बायको आणि दोन लेकरं १६२२ च्या साथीत गेली. धर्मापायी देश सुटला. १६५६ मध्ये तो राहत होता ते पोलंडमधलं लेश्नो शहर जळालं, त्यात वर्षानुवर्षांची हस्तलिखितं गेली. त्यानंतर दोनच वर्षांनी तो लेकरांसाठी चित्रांचं पुस्तक काढतो. मला हे फार मोठं वाटतं.

निवृत्त मुख्याध्यापक, दर्यापूर

मॅडम, आदर मलाही आहे. पण ते पुस्तक लॅटिन शिकवण्यासाठी होतं, हे विसरून चालणार नाही. त्याची स्वतःची मातृभाषा चेक. १६५८ च्या आवृत्तीत ती नव्हतीच. चेक मजकूर असलेली चार भाषांची आवृत्ती १६८५ ची, आणि तो वारला १६७० मध्ये. त्या काळी विद्यापीठ, ग्रंथ, पत्रव्यवहार सगळं लॅटिनमध्ये चाले. पोराला तिथवर न्यायचं तर लॅटिन आलंच पाहिजे, हे त्याला ठाऊक होतं.

आपल्या लेकरांसाठी ती जागा मराठीची आहे. पाचवीत असताना नवोदयची परीक्षा येते, तिथे कोरकूचा पर्याय नाही. पुढे तहसील, बँक, दवाखाना, कुठेच नाही. सुरुवातीची दोन वर्षं कोरकूच्या आधारावर काढली तर मराठी पक्की व्हायची कधी? आणि खालच्या तालुक्यातून बदलीवर आलेल्या शिक्षकानं कोरकूचा रकाना शिकवायचा कसा? मी नोकरीत हे जवळून पाहिलं आहे, म्हणून कळकळीनं लिहितो.

वणीचा पालक

सरायचं पटते मले. मी वऱ्हाडीतच लिवतो, पन माह्या पोरीनं शाळेत वऱ्हाडी शिकावं असं मले नाई वाटत. वऱ्हाडी तं तिले घरी, वावरात, बजारात भेटूनच रायली. जे घरी नाई भेटत ते शाळेनं द्यावं. मराठी चांगली द्या, इंग्रजी द्या. अन् चित्र इथलं कायले पाह्यजे? पऱ्हाटी तिनं रोज पाह्यली हाय. तिले समुद्र दाखवा, जहाज दाखवा. गरिबाच्या लेकरानं पुस्तकातबी आपलंच वावर पाहावं काय?

गडचिरोलीची वाचक

दादा, तुमचा मुद्दा खरा आहे, पण तुमच्या पोरीचा आहे. वऱ्हाडी ही मराठीचीच बोली. गुरुजी बोलले की तिला पहिल्या दिवसापासून बरंचसं कळतं. आमच्याकडच्या गोंडी लेकराला तसं कळत नाही, गोंडी द्रविड कुळातली. धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये स्वतःची गोंडी शाळा उभी केली. गावाला गरज वाटल्याशिवाय कोणी एवढी उस्तवार करत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही, शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा माध्यम असावी, असं लिहिलेलं आहे.

समुद्राचं म्हणाल तर कोमेनियसच्या पुस्तकात जहाजं आहेत, ग्रहणं आहेत, दूरदेशची जनावरंही आहेत.

धारणीची शिक्षिका

सर, पुस्तक लॅटिनसाठी होतं हे मान्य. पण त्याची शाळेची आखणी बघा. सहा ते बारा वर्षं मातृभाषेची शाळा, मुलगा-मुलगी, गरीब-श्रीमंत सगळ्यांना. लॅटिन त्यानंतर. मातृभाषा पक्की व्हायच्या आत परकी भाषा शिकवणं म्हणजे चालता न येणाऱ्या पोराला घोड्यावर बसवणं, हे त्याचंच म्हणणं आहे. तुम्ही म्हणता ती दोन वर्षं वाया जात नाहीत सर, आज जातात ती वाया जातात. लेकरू पानभर मराठी खडखडीत वाचतं आणि अर्थ विचारला की माझ्या तोंडाकडे बघतं.

मला हवं आहे ते पान सांगते. मोहफुलं वेचण्याचं चित्र. झाडाला १, टोपलीला २, फुलाला ३, वेचणाऱ्या आजीला ४. खाली एका बाजूला कोरकू वाक्य, देवनागरीतच, समोर तेच मराठीत. बदलीवर आलेल्या गुरुजींना याचाच सगळ्यात जास्त उपयोग आहे. त्यांनी डावीकडचं वाचायचं, लेकरं उच्चार दुरुस्त करतील, मग उजवीकडचं लेकरांनी वाचायचं. दिवाळीनंतर आईबापासोबत कामाला खाली जाणारं लेकरू परत आलं तरी या पानावरून त्याला पुन्हा सुरुवात करता येते.

वणीचा पालक

ताई, असं पान असन तं मले अडचन नाई. मले वाटलं मराठी काढूनच टाकता.

निवृत्त मुख्याध्यापक, दर्यापूर

आकडे घातलेलं चित्र मलाही पटलं. दोन रकानेही चालतील, पण पहिलीच्या दिवाळीपर्यंतच. त्यानंतर मराठी एकटी. शिवाय ही कोरकू वाक्यं लिहिणार कोण, हे आधी ठरवा. कचेरीत बसून कोणी लिहिली तर तीही लेकरांना परकीच वाटतील.

धारणीची शिक्षिका

वाक्यं गावातल्या बायांनी सांगावी, आम्ही लिहून घेऊ. मात्र दिवाळीपर्यंत पुरणार नाही सर. दुसरी संपेपर्यंत तरी पाहिजे, यावर मी ठाम आहे.