मुलींच्या खो-खोची संस्था नोंदवायची आहे, सुरुवात कुठून करू?

मैदानवाली: नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहते. 3 वर्षांपासून रोज संध्याकाळी मुलींचा खो-खोचा सराव घेते. सुरुवातीला 9 होत्या, आता 34 आहेत. चुना, खांब, गुडघ्याचे पॅड सगळं माझ्या शिलाईच्या पैशांतून. 2025 च्या जानेवारीत प्रियंका इंगळेच्या भारतीय महिला संघाने दिल्लीत खो-खोचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून पालक स्वतः मुलींना आणून सोडतात. आता एक गृहस्थ देणगी देतो म्हणतात, पण त्यांना पावती हवी. संस्था नोंदवूच का?

हिशेबनीस: नोंदवा. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान 7 जण लागतात, आणि आपल्याकडे 1950 च्या विश्वस्त कायद्याखालीही नोंद होते. धर्मादाय कार्यालयात जा. देणगीदाराला करसवलत हवी असेल तर प्राप्तिकर खात्याची मंजुरी (जिला 80जी म्हणत आले आहेत) वेगळी घ्यावी लागते. दरवर्षी ऑडिट चुकवू नका.

घागरवाली आक्का: ताई, मी 12 वर्षं अशाच एका संस्थेत आहे. ती सुरू केली आमच्या सरांनी. माझी मुलगी खेळायची म्हणून मी पाणी भरायला जायचे. सरांचा सगळा जीव मैदानात, हिशेब कुणीच ठेवत नव्हतं. पहिली वही मी घातली. चुन्याचं पोतंसुद्धा तारखेनिशी लिहायचे. नोंदणीच्या वेळी तीच वही कामाला आली.

आमची चूक सांगते. 7 सह्यांच्या घाईत गावातली वजनदार माणसं घेतली. सभेला कुणी फिरकेना. दोघांनी राजीनामे दिले, आणि 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यायचा चेंज रिपोर्ट, म्हणजे माणसं बदलल्याची नोंद, आमच्याकडून राहिला. बँकेत सह्यांचा घोळ झाला. त्या हंगामात जिल्हा स्पर्धेचं गाडीभाडं मी घरातून घातलं. तुम्ही खेळाडूंच्या आया घ्या. जी बाई रोज मैदानाच्या कडेला बसते, तिला सभेचं वेगळं बोलावणं लागत नाही.

आणि खरं काम नोंदणीनंतरचं आहे. नववीत गेल्या की आमच्या मुली गळायच्या. आम्ही समजायचो, अभ्यास वाढला असेल. घरोघर गेले तेव्हा कळलं. पाळीच्या दिवसांत पाटीवर, मैदानातल्या मधल्या पट्ट्यावर, बसायचं म्हणजे डागाची धास्ती, आणि मैदानाजवळ संडास नाही. शेजारच्या शाळेकडे विचारलं, त्यांनी नकार दिला. शेवटी मैदानामागच्या एका काकूंनी आपलं न्हाणीघर उघडं करून दिलं. तिथेच सॅनिटरी पॅडचा डबा ठेवला, सरावाला गडद रंगाच्या ट्रॅकपँट घेतल्या. त्या वर्षी नववीतल्या 6 पैकी 5 जणी टिकल्या. त्यातली एक आता लहान मुलींना खांबावर सूर मारायला शिकवते. तिला बघितलं की माझा ऊर भरून येतो.

म्हणून सांगते, पहिली देणगी मॅटला किंवा जर्सीला लावू नका. संडास बांधा.

मैदानवाली: आक्का, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. माझ्याही दोघी दिवाळीनंतर यायच्या बंद झाल्यात, उद्याच त्यांच्या घरी जाते. आया 3 आहेत रोज येणाऱ्या. पण एकीला सही येत नाही, ती मागे सरते.

घागरवाली आक्का: तिलाच घ्या. आमच्या आताच्या खजिनदार मैदानावरच सही शिकल्या, काडीने मातीत गिरवून. मुलींचा सराव संपेपर्यंत रोज तेवढंच करायच्या.