अगस्ती नाशिकहून नेमका कधी दिसतो?

गोदाकाठ:
डिसेंबरच्या मध्यावर रात्री साडेआठला बरोबर दक्षिणेला, क्षितिजाच्या थोडा वर एकच ठळक तारा दिसतो. हाच अगस्ती का? कॉलेज रोडवरची गच्ची आहे, दक्षिणेला इमारती. मोबाईलवर फोटो निघेल का?

व्याध:
नाही, तो अग्रनद, दुसराच तारा. हा घोटाळा हमखास होतो, कारण त्या वेळी अगस्ती उगवलेलाच नसतो. १५ डिसेंबरला तो सव्वानऊच्या सुमारास दक्षिण-आग्नेयेला उगवतो आणि बरोबर दक्षिणेला यायला रात्रीचा सव्वा वाजून जातो. पुढे रोज चार मिनिटं लवकर. म्हणून खरा हंगाम फेब्रुवारीचा: मध्यावर रात्री सव्वानऊलाच तो सर्वांत उंच असतो.

ओळखायला मृगापासून सुरुवात करा. बाणाचे तीन तारे व्याध या ताऱ्याकडे नेतात. तिथून खाली दक्षिणेला ३६ अंश, म्हणजे हात ताठ करून साडेतीन मुठी. व्याधानंतर आकाशात सर्वांत तेजस्वी तोच, प्रत (तेजाचं माप, आकडा जितका कमी तितका तारा ठळक) उणे ०.७. व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर आणि हा सुमारे ३१० वर, तरीही इतका झळझळीत! सूर्याच्या सत्तरेक पट व्यासाचा तारा आहे तो.

दुर्बीणवाला:
गच्चीचं गणित आधी करा. नाशिकचा अक्षांश २०, त्यामुळे अगस्ती १७ अंशांच्या फारसा वर जातच नाही. समोरची इमारत तुमच्या डोळ्यांपेक्षा १२ मीटर उंच असेल तर ती निदान ४० मीटर लांब हवी, नाहीतर विसरा. गंगापूर धरणाचा उत्तर काठ चांगला, दक्षिणेला पाणी मोकळं मिळतं. पांडवलेण्याच्या उत्तर पायथ्याशी मात्र डोंगरच आड येतो.

इतक्या खाली प्रकाश डोक्यावरच्या तिपटीहून जास्त हवेतून येतो, म्हणून तारा लाल-हिरवा लुकलुकतो. तो रंग हवेचा; ताऱ्याचा स्वतःचा पांढरा, किंचित पिवळसर.

फोटोसाठी ट्रायपॉड, प्रो मोड, आयएसओ ८००, शटर ८ सेकंद, फोकस हाताने अनंतावर. ऑटोफोकस अंधारात भरकटतो. टायमर लावा, बोटाच्या धक्क्यानेही तारा रेघ होतो.

गोदाकाठ:
आणि पावसाळ्यातला अगस्तीचा उदय?

व्याध:
म्हणजे सूर्याच्या तेजात लपलेला तारा पहाटे पुन्हा पहिल्यांदा दिसणं: ऑगस्टच्या मध्यावर, सूर्योदयाच्या तासभर आधी. पण तेव्हा इथे ढग असतात, त्यामुळे प्रत्यक्षात सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या पहाटेच बघा.